बांगडीच्या जागी एक अक्षर

कपाशीच्या त्या तेजीत वऱ्हाडात प्रत्येकाचं काही ना काही वाढलं. कुणाच्या दारात गाडी वाढली, कुणाची बैलजोडी वाढली, कुणाची नुसतीच मिजास वाढली. माझं मनगट सुजलं. मी तेव्हा अकोल्याच्या तहसील कचेरीत कारकून होतो आणि सकाळपासून दिवे लागेपर्यंत मोडी लिहीत होतो. रात्री भाताचा घास उचलायला डावा हात लावावा लागे, आणि खानावळीच्या बाई ते बघून तोंड वळवत.

सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात आपसात लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस बंद पडला म्हणून विलायतेच्या गिरण्यांना आमचा कापूस गोड लागायला लागला. ज्या काळ्या जमिनीला पूर्वी कुणी विचारत नव्हतं तिच्या एकेका तासासाठी, म्हणजे नांगराच्या एकेका ओळीसाठी, भाऊ भावाशी भांडायला लागला. त्यातच इंग्रज सरकारनं मोजणी सुरू केली. साखळ्या घेऊन माणसं गावोगाव फिरली, आणि मग प्रत्येक वावर कुणाच्या तरी नावानं लागलं पाहिजे असा हुकूम निघाला. ज्याच्या नावानं खातं लागायचं त्यानं कचेरीत येऊन कबुलायतीवर सही करायची. ती कबुलायत लिहायची कुणी? आम्ही. सरकारच्या डोक्यात कल्पना आली की कारकुनाच्या मनगटात कळ येते, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे.

सही येणारे थोडे. ज्याला लिहिता येत नाही त्याची निशाणी घेण्याची फार जुनी चाल होती. कुणब्याची निशाणी नांगर, सुताराची वाकस, बाईमाणसाची बांगडी. ही चित्रंसुद्धा आम्हीच काढायची. तो माणूस नुसतं आमच्या लेखणीला बोट लावी, आम्ही दोन फराट्यांत नांगर काढून शेजारी ‘निशाणी नांगर’ असं लिहीत असू. ज्याला स्वतः लिहिता येई त्याच्या सहीखाली ‘दस्तुरखुद्द’ लिहायचं, म्हणजे त्याच्याच हातचं. हा शब्द लिहायची पाळी महिन्यातून एखाद्या वेळी यायची. माझ्या सात पिढ्यांत कुणी नांगराला हात लावला नव्हता, आणि मी मात्र दिवसाला एका गावाचे नांगर काढत होतो.

माघात एक दिवस ती बाई पेशीला आली. तिशीची असेल. कपाळ मोकळं, दोन्ही मनगटं मोकळी. नवरा कापसाच्या गाड्या घेऊन गेला होता तो वाटेतच पटकीनं गेला, असं तिच्या अर्जात मीच लिहिलं होतं. मूलबाळ नव्हतं. नदीकाठचं एक वावर होतं आणि ते आपल्या नावानं लागावं एवढंच तिचं मागणं होतं. सोबत तिचा धाकटा दीर होता आणि गावचा पाटील होता. दोघांचं म्हणणं, वावर दिराच्या नावानं लावा, बाईचं काय, ती आज आहे उद्या नाही.

तहसीलदारसाहेब म्हातारे गृहस्थ होते. निजामाच्या अमलात नोकरीला लागलेले, इंग्रजांच्या अमलात तसेच राहिलेले. मराठी आणि हिंदुस्तानी एकाच वाक्यात कालवून बोलत. त्या दिवशी ते आधीच वैतागलेले होते. त्यांनी बाईचा अर्ज मंजूर केला आणि मला म्हणाले, “पंत, निशाणी घ्या और मामला खतम करा.”

मी कबुलायत वाचून दाखवली. तळाशी लेखणी टेकवली आणि सवयीनं म्हटलं, “बाई, बोट लाव.”

“हे काय काढून राहिले पंत?”

“बांगडी.”

“कावून?”

“बाईची निशाणी बांगडीच असते.”

तिनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. “माह्या हातात कुठी हाय?”

मी लेखणी उचलली. विधवांच्या कागदांवर बांगड्या मी आधीही काढल्या होत्या, आमच्या आधीच्यांनीही काढल्या होत्या. असं कुणी विचारलं नव्हतं.

दीर पुढे आला. “काढू द्या पंत. नाईतरी आमी वयनीचा पाट लावूनच राहिलो. बांगड्या भरल्याच जातीन.”

“आयकलं सायेब?” ती तहसीलदारांकडे वळली. “आज कागदावर बांगडी आली का उद्या हाच गावात सांगन, वयनीनं पाट कबूल केला. मंग वावर कोनाचं?”

तिचं म्हणणं खरं होतं. पाट लावला, म्हणजे दुसरा घरोबा केला, की नवा नवरा बांगड्या भरतो आणि पहिल्या नवऱ्याच्या जमिनीवरचा बाईचा हक्क सुटतो. दीर वाईट माणूस नव्हता, हे मी आजही सांगेन. त्याला दोन मुलं होती आणि नदीकाठचं वावर चांगलं होतं, बस.

“तो फिर नांगर काढा,” साहेब म्हणाले.

आता पाटील उठला. “नाई सायेब. नांगराले बाईचा हात लागू नाई. पाऊस रुसते. कोन्याई गावाले विचारा.”

“बांगडी नाही, नांगर नाही. मग काय काढू, बैल?” साहेब ओरडले. कचेरी हसली. ती बाई हसली नाही. साहेबांनी पंख्यानं वारा घेतला आणि जरा शांत होऊन विचारलं, “लिहिता येते काही?”

“नाई.”

“एक हरफ?”

“एक शिकीन.”

साहेबांनी वैशाखातली पेशी दिली. त्या दिवशी बाईनं आपल्या नावाचं एक अक्षर स्वतःच्या हातानं लिहिलं, कुणी हात न धरता, कुणी न सांगता, तर ती सही समजू. नाही आलं तर खातं दिराच्या नावानं. पुन्हा अर्ज चालणार नाही. मी हा हुकूम लिहून घेतला आणि तिथेच विसरलोही. त्या दिवशी अजून बराच गठ्ठा उरला होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी घरी आलो तर ती माझ्या खोलीच्या ओट्यावर बसलेली.

“पंत, मले माह्या नावाचं पयलं अक्षर पायजे.”

“अक्षर काय वांगं आहे, पायजे म्हणून मागायला?” मी म्हटलं. भूक लागली होती आणि भूक लागली की माझी जीभ तिखट होते. “पंतोजी पाहा कुणीतरी.”

“दोघायले विचारलं. बाईमानसाले नाई शिकवत म्हनते.”

“मग मी कावून शिकवू? माझं मनगट बघ, केवढं झालंय. दिवसभर लिहून मी मरून राहिलो.”

तिनं मनगट खरंच बघितलं. हात न लावता, वाकून. “एरंडाचं पान गरम करून बांदत जा. मी आनतो.” आमच्याकडच्या कुणबिणी स्वतःबद्दल बोलतानाही ‘येतो, जातो’च म्हणतात.

मी हो म्हटलं ते दयेनं नव्हे. ती ओट्यावरून उठत नव्हती आणि मला जेवायचं होतं.

अक्षर कोणतं ते मी इथे लिहीत नाही. त्या गावात स्वतःच्या नावानं खातं मागणारी तेवढी एकच बाई होती, अक्षर सांगितलं की नाव सांगितल्यासारखंच. आकार सांगतो. खाली एक गाठ, गाठीतून वर, वरच्या रेघेला टेकून तसंच सरळ खाली, आणि शेवटी उजवीकडे वळलेलं शेपूट. बाळबोधीत हे तुकड्या-तुकड्यानं लिहिता येतं. पण कचेरीत मोडी चाले, आणि मोडीत हात उचलायचा नाही, सगळा जीव त्या न उचलण्यातच.

मध्येच वडिलांच्या श्राद्धासाठी मी अमरावतीला जाऊन आलो. सगळी वाट कापसाच्या गाड्यांनी अडलेली. बैलांच्या मानेवर जू घासून चट्टे पडलेले, गाडीवान बसल्या जागी डुलक्या घेणारे, झाडांच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकलेले. रेल्वेचा मातीचा बांध बाजूनं चालला होता, अजून रूळ नव्हते. घरी पोहोचलो तेव्हा आंघोळ करून निजावं एवढीच इच्छा उरली होती.

वडील पंतोजी होते. अमरावतीच्या घरच्या ओसरीवर त्यांची शाळा भरे आणि मीही तिथेच शिकलो. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची, काडीनं अक्षर काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. “आधी रेघ, मग अक्षर,” ते म्हणत. “आढं घातल्याशिवाय घर उभं राहतं का रे?” मोडीत तशीच रीत आहे. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची, मग एकेक अक्षर तिला टांगत जायचं. अक्षराच्या मध्ये हात उचलला की बोटांच्या पेरांवर छडी बसे. मला पंतोजी व्हायचं नव्हतं, म्हणून तर मी अकोल्याची नोकरी धरली.

ती धूळपाटी सापडली. आमच्या घरातून तिच्यावर सांडगे वाळत घातले होते.

“हे कशाला हवंय?” बायकोनं विचारलं. मी सांगितलं. ती सांडगे सुपात उतरवत म्हणाली, “पोरांना शिकवायचा कंटाळा म्हणून पळालात, आणि आता बायांची शाळा काढणार. सासूबाई असत्या तर हसून लोळल्या असत्या.” पण पाटी पुसून दिली. वर एका पुरचुंडीत सांडगेही दिले, “तिला द्या, शिकणाऱ्याला भूक लागते,” म्हणाली.

मग बाजाराच्या बाजारी, कचेरी भरायच्या आधी, ती बाई यायला लागली. येताना पदरात एरंडाची पानं. मी मनगटाला पान बांधून बसे आणि ती पाटीसमोर. रेघ मी ओढून द्यायचो, कारण मला घाई असायची, आणि ती काडी घेऊन अक्षर टांगायला लागायची.

जमेना. गाठ काढली की हात वर, पुन्हा टेकून रेघ, पुन्हा हात वर. मी म्हणे हात उचलू नकोस, ती म्हणे नाही उचलत, आणि उचले. माझ्या वडिलांसारखी छडी माझ्याकडे नव्हती आणि असती तरी काय. मी तिची बोटं बघत बसे. टोकं बोंडांच्या काट्यांनी चिरलेली, तीन बोटं चिमटीसारखी जुळलेली. एकदा ते ध्यानात आलं आणि मला हसू फुटलं.

“बाई, तू अक्षर लिहून नाही राहिली. वेचून राहिली.”

कापूस वेचताना चिमूट भरायची आणि हात उचलायचा, पुन्हा चिमूट, पुन्हा हात. सगळा हंगाम तिनं तेच केलं होतं. ती आपल्या हाताकडे बघत राहिली, मग हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. पुढचे दात किंचित पुढे होते.

कचेरीत कुणकुण लागलीच. शेजारचा कारकून विचारी, “काय पंत, शाळा कशी चालली? दक्षणा काय, एरंडाची पानं?” मी म्हणे, “हो, तुला पाठवून देऊ का, डोक्याला बांधायला?” पण रात्री मला राग येई. त्याचा नाही, माझाच. सुखाची झोप सोडून हे लचांड कशाला गळ्यात घेतलं, असं वाटे.

मग दोन बाजार ती आलीच नाही. तिसऱ्याला आली तेव्हा डोळे आत गेलेले. शेवटची वेचणी चालली होती आणि मजूर मिळत नव्हते. तेजीत जो तो आपल्याच कापसामागे. ती पाटीसमोर बसली, काडी हातात घेतली आणि बसल्या जागी झोपली. काडी बोटांत तशीच. मला उठवावंसं वाटलं नाही. मीही भिंतीला टेकलो. उन्हं ओट्यावर येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो होतो, एक झोपलेली, एक अर्धवट.

जागी झाल्यावर तिला ओशाळल्यासारखं झालं. मी सांडगे भाजले होते, ते पुढे केले आणि विचारलं, “बाई, एवढे हाल काढतेस, त्यापेक्षा पाट काय वाईट? तुमच्यात तर चालतो.”

“वाईट नाई पंत. माह्या बहिनीनं केला, सुखात हाय.” तिनं सांडगा मोडला. “मी थकून गेलो. पुन्हा नवं घर. नवी सासू. तिले मीठ किती लागते, तिचा राग कायचा, नवा नवरा कुठी निजते, सारं पुन्हा शिका. एकदा शिकलं आता. ते वावर मले ठावं हाय. कुठी पानी थांबते, कुठी भेग पडते. मले तेवढंच पुरे हाय.”

तोवर मला वाटे ती हट्टी आहे. ती माझ्यासारखीच थकलेली होती, आणि थकलेल्या माणसाला आपली जागा लागते, हे मला कळलं. त्या दिवसापासून मी तिला शिकवताना कुरकुर केली नाही. फार नाही केली.

त्याच दिवशी तिनं काडी वेगळी धरली. वरून, मुठीत. मी सवयीनं म्हणायला गेलो की असं धरत नाहीत, तर ती म्हणाली, “थांबा. सरता धरतो तशी धरून पाहातो.”

सरता म्हणजे पेरताना तिफणीमागे बांधलेली पोकळ नळी. बाई तिच्यामागे चालते आणि मुठीतून तुरीचं बी नळीत सोडत जाते. नांगराला बाईचा हात लागला तर पाऊस रुसतो, पेरणीला लागला तर रुसत नाही. पावसाचं हे शास्त्र मला कधी कळलेलं नाही.

“त्यात हात नाई उचलत,” ती म्हणाली. “उचलला का तासात खाडा पडते. मंग सारं पीक होयेपर्यंत तो खाडा डोयात सलते.”

आणि तिनं गाठ घेतली, वर गेली, माझ्या रेघेला टेकली, खाली आली, शेपूट वळवलं. मुठीनं काढलेलं ते अक्षर जाड होतं, एका बाजूला कललेलं होतं, पोट सुजल्यासारखं दिसत होतं. पण मध्ये कुठे खाडा नव्हता. मी पाटी हलवून धूळ सपाट केली, नवी रेघ ओढली. तिनं पुन्हा काढलं. पुन्हा आलं.

मग बोरू दिला, शाई दिली, कचेरीतले वाया गेलेले कागद दिले. त्यांच्यावर रेघा होत्याच, अर्धी ओळ मोकळी असे तिथे ती आपलं अक्षर टांगे. पेशीच्या आधीच्या बाजाराला मी तिला म्हटलं, “आता येऊ नकोस. झालं तुझं.” तिनं माझ्या मनगटाकडे बघून विचारलं, “तुमचं?” सूज उतरली होती. तसं मी तिला सांगितलं.

वैशाखातलं अकोलं ज्यानं सोसलं नाही त्याला ते सांगून कळणार नाही. साहेबांच्या खोलीच्या दाराला वाळ्याचा पडदा होता, त्यावर पाणी मारायला माणूस होता, आणि ते पाणी पडद्यावरून खाली ठिपकायच्या आत वाळत होतं. दौतीतली शाई दाटून येई. बोरूचं टोक कागदापर्यंत जाईतो कोरडं पडे.

दीर आला होता, पाटील आला होता, आणि गावातले आणखी काही लोक एका अक्षराची गंमत बघायला आले होते. मी कबुलायत पुढे ठेवली तोच दीर म्हणाला, “सायेब, पंत दूर बसले पायजे. तेच शिकवून राहिले होते तिले. डोयानं खुणा करतीन.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. “पंत, उधर जाओ. तोंड भिंतीकडे नको, पण तोंड उघडायचंही नाही.”

मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. ती कागदासमोर बसली. बोरू मुठीत धरला. लोक कुजबुजले, बघा, खुरपं धरते तसं धरलं. तिनं बोरू शाईत बुडवला, कागदावर आणला आणि थांबली.

ती कुठे अडली ते मला उभ्या जागी कळलं. कबुलायतीची शेवटची ओळ मी लिहून संपवली होती. तिच्याखाली सहीची जागा कोरी होती. तिथे रेघ नव्हती. निशाणीला रेघ लागत नाही, नांगराला लागत नाही, बांगडीला लागत नाही, म्हणून कचेरीच्या रिवाजानं तिथे रेघ ओढतच नाहीत. आणि तिनं आजवर एकदाही रेघेशिवाय अक्षर काढलं नव्हतं. कशाला टेकवायचं तेच कागदावर नव्हतं.

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. दुसरं काय करणार होतो? भुवई हलली असती तरी दिरानं ओरडून सभा गोळा केली असती. बाहेर कडुनिंबाखाली बैल उभे होते, तेच बघत राहिलो. मनात म्हणत होतो, शाई वाळेल, बाई, शाई वाळेल.

“नाई येत,” दीर म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, नुसती सुटका होती. “सायेब, लिवा आता माह्या नावानं.”

“थांब,” साहेब म्हणाले.

बोरू कागदावर घासल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं. तिनं बोरू पुन्हा शाईत बुडवला होता आणि कागदाच्या पार डाव्या कडेला टेकवून ती रेघ ओढत होती. एका अक्षराला बोटभर रेघ पुरते. ती थांबेना. मुठीतला बोरू सरत्यासारखा धरून, सगळं अंग बाजूला नेत, ती कागदाच्या उजव्या कडेपर्यंत गेली. रेघ सरळ नव्हती. मध्ये जराशी वर चढली होती, मग उतरली होती. शाई संपत आली तिथे फिकी झाली होती, पण तुटली नव्हती. मग ती परत डाव्या टोकाशी आली, शाई घेतली, आणि रेघेखाली आपलं अक्षर टांगलं. गाठ, वर, टेकून खाली, शेपूट. हात उचलला नाही.

साहेबांनी कागद जवळ ओढला. “हरफ तर आहे,” ते म्हणाले. “लेकिन बाई, एका हरफाला एवढी लांब रेघ कशाला?”

“सायेब,” ती म्हणाली, “तास ह्या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत ओढा लागते. मधातच सोडला, तर उरलेलं वावर कोनाचंई होते.”

धुरा म्हणजे वावराचा बांध. खोलीत जे होते त्यांना हे सांगायची गरज नव्हती. पाटलानं पागोटं काढून घाम पुसला. दीर खाली बघत होता. तो शेतकरी होता, तासाचं बोलणं त्याला माझ्याहून आधी कळलं असणार.

“पंत, इकडे या,” साहेब म्हणाले. “खाली लिहा.”

मी बसलो. हाताला एवढी सवय होती की त्यानं ‘निशाणी’चा पहिला फराटा घ्यायला सुरुवात केलीच होती. मी तो आवरला आणि तिच्या रेघेखाली लिहिलं, दस्तुरखुद्द. मनगट दुखलं नाही. वर बारीक वाळू शिंपडली, कागद उचलून झटकला. मला फार आनंद झाला. त्या सगळ्या हंगामात तेवढा झाला नव्हता, आणि तो लपवायचा कसा ते न समजून मी उगाच दौत साफ करत बसलो. ती उठली, साहेबांना हात जोडले, मला म्हणाली, “येतो पंत,” आणि गेली. दीर तिच्यामागून गेला. तिची गाडी तोच हाकत होता.

पुढे सातासमुद्रापलीकडची लढाई मिटली. कापूस कोसळला, मिजाशी उतरल्या, ज्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं केली होती त्यांनी ती गुपचूप काढली. रेल्वे आली. साहेब निवृत्त झाले. मी तिथेच राहिलो आणि नांगर काढत राहिलो. ती अधूनमधून काही कागदपत्राला कचेरीत येई, केस पांढरे होत चाललेले, पदरात एरंडाची दोन पानं. सही करताना आधी रेघ ओढी, या कडेपासून त्या कडेपर्यंत, मग अक्षर. दुसरं अक्षर तिनं कधी शिकायला मागितलं नाही.

एकदा एक नवा पोरगेला कारकून तिच्यावर चिडला. कागद माझ्यापुढे आपटून म्हणाला, “बघा हो पंत, ही बाई एका अक्षरापायी सबंध ओळ खाते.”

मी कागदावर वाळू शिंपडत होतो. त्याला म्हटलं, “खाऊ दे.”